केसपेपरवरचं कारण

आमच्या नाणे मावळातल्या वडिवळ्यात कुणाला ताप आला तर माणसं कामशेतच्या डॉक्टरकडे जातात आणि बिल लाखाच्या घरात जाणार असं दिसलं की माझ्याकडे येतात. तळेगावच्या बाजूला एका खासगी रुग्णालयात मी विम्याच्या खिडकीत बसते. कॅशलेसचा फॉर्म भरायचा, टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेला, कागद पाठवायचे, त्यांच्या क्वेरीला डॉक्टरांकडून उत्तर काढायचं आणि डिस्चार्जच्या दिवशी मंजुरी येईपर्यंत नातेवाइकांचा राग झेलायचा, असं हे काम. सकाळी कामशेतहून पुण्याकडे जाणारी लोकल, संध्याकाळी लोणावळ्याकडे जाणारी. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेलं तरी वाण घेता घेता पॉलिसीची पिशवी पुढे येते.

त्या पिशवीतून काय निघेल ते घरावर अवलंबून. चाकणला किंवा तळेगावच्या एमआयडीसीत पोरगा कायम झालेला असेल तर कंपनीची ग्रुप पॉलिसी निघते. पगार कमी असेल तर ईएसआयचं कार्ड. गावाकडच्या एजंटाला नाही म्हणता न आल्यामुळे घेतलेली फॅमिली फ्लोटर निघते, तिचा हप्ता मध्येच चुकलेला असतो. आणि यातलं काहीच नसेल तर रेशनकार्ड. त्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ला महात्मा फुल्यांच्या नावाची झाली आणि १ जुलै २०२४पासून तिचं कवच कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं झालं.

अलीकडे एक प्रश्न वरचेवर येतो. विचारणारा आधी इकडेतिकडे बघतो, आवाज खाली आणतो. "ताई, ते प्लास्टिक सर्जरीचं बसतं का ओ यात?" मूळव्याधीचं ऑपरेशनसुद्धा लोक एवढं लाजत विचारत नाहीत. त्यांना वाटतं, आपण नटण्याचे पैसे मागतोय.

नियम सांगायला सोपा आहे. आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या नियामकाने, २७ सप्टेंबर २०१९ रोजी आरोग्य विम्यातून काय काय वगळता येईल त्याची सगळ्या कंपन्यांसाठी एकच भाषा ठरवून दिली. त्याआधी ज्याची त्याची वाक्यरचना वेगळी होती आणि वाद घालायला मोकळं रान होतं. या यादीतलं आठवं कलम आमच्या विषयाचं. रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचाराचे, कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचे पैसे मिळणार नाहीत. मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतर शरीराची पुन्हा घडण करायची असेल तर मिळतील. शिवाय तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका आहे म्हणून शस्त्रक्रिया लागत असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं प्रमाणित केलं असेल, तरीही मिळतील.

या कलमाने केस लावणं, चरबी काढून घेणं, सुरकुत्या ताणणं हे सगळं सरळ बाहेर ठेवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळ्यांच्या हप्त्यातून जमलेल्या पैशांवर पहिला हक्क आजाऱ्याचा. कलमाचा उरलेला भाग मात्र एकाच गोष्टीवर उभा आहे: हे झालं कशामुळे? तेच नाक, तोच गाल, तीच शस्त्रक्रिया, तोच सर्जन. कारण बदललं की एकाला मंजुरी आणि दुसऱ्याला नकार. माझ्या टेबलावर दिवसभर हीच एक गोष्ट शोधली जाते आणि आमच्या नाणे मावळात 'कशामुळे' या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळणं सगळ्यात अवघड.

साधं प्रकरण आधी सांगते. भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे सर्पदंशाचे पेशंट येतात. इंद्रायणी तांदळाचं कौतुक पुण्यामुंबईत होतं, पण त्याच्या खाचरात उघड्या पायाने तासन् तास वाकून उभं राहावं लागतं. नाग चावला तर विषाने जीव जातो हे सगळ्यांना माहीत असतं; जीव वाचल्यावर चावलेल्या जागेची कातडी आणि मांस सडून जाऊ शकतं, हे कमी जणांना. अशाच एका काकांच्या पायाला घोट्यापासून वर मोठी जखम झाली. सडलेला भाग काढला, मग मांडीची कातडी घेऊन तिथे लावायची ठरली. ते काम प्लास्टिक सर्जनचं. अंदाजपत्रकावर त्या विभागाचं नाव पाहून टीपीएची क्वेरी आली: ही शस्त्रक्रिया कॉस्मेटिक आहे का? चिखलात पाय ठेवून आयुष्य काढलेल्या माणसाच्या घोट्याच्या सौंदर्याची ही पहिलीच चौकशी असावी. आमच्या सर्जनने चार ओळी लिहिल्या: दंश कधी झाला, कातडी का गेली, झाकली नाही तर जंतुसंसर्ग होऊन पाय गमावण्याचा धोका कसा आहे. सोबत जखमेचे फोटो जोडले. मंजुरी आली.

त्या चार ओळी म्हणजे आमचं निम्मं काम. २०२४च्या मे महिन्यातल्या परिपत्रकाने कंपन्यांना घड्याळ लावून दिलं आहे: कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय, डिस्चार्जची शेवटची मंजुरी तीन तासांत. पण घड्याळ कंपनीकडे कागद पोचल्यावर सुरू होतं. डॉक्टर मंडळींना हात चालवायची सवय, लेखणीची नाही. ते 'जखम झाकणे' एवढंच लिहून थिएटरमध्ये जातात आणि मी दाराशी कागद घेऊन उभी. सर्जन बाहेर आले की मी एकच विचारते, "सर, नाही केलं तर काय होईल, ते लिहा." कलमाला हवं ते उत्तर याच प्रश्नातून निघतं.

आता उलट बाजू. लग्न ठरलेला एखादा पोरगा किंवा पोरीचा बाप येतो. नाक वाकडं आहे, सरळ करून हवं आहे. सोबत कुणीतरी शहाणा मित्र असतो, त्याने शिकवून पाठवलेलं असतं: "श्वास घ्यायला त्रास होतो असं लिहून घ्या, मग पैसे मिळतात." श्वासाचा त्रास खरा असतो तेव्हा तो दुर्बिणीतून आणि सीटी स्कॅनमध्ये दिसतो. नाकाच्या आतला पडदा वाकडा असेल तर तो सरळ करण्याची शस्त्रक्रिया विम्यात बसते. बहुतेक पॉलिसींत त्यासाठी आधी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ काढावा लागतो. त्याच वेळी बाहेरचा आकारही बदलून घ्यायचा असेल तर आम्ही बिलाचे दोन भाग करतो, आतल्या कामाचा कंपनीकडे आणि बाहेरच्या कामाचा घरच्यांकडे. पडदा सरळ असेल तर आमचे डॉक्टर खोटं लिहीत नाहीत. पोरं चिडतात. त्यांना मी पॉलिसीतलं फसवणुकीचं कलम वाचून दाखवते. ते वाचल्यावर शहाणा मित्र आधी उठतो.

एकदा चहाच्या वेळी आमच्या सर्जनने नाकाचीच एक जुनी गोष्ट सांगितली. १७९२च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून जास्त काळ तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ते समोर बसून पाहिलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली. ती जोसेफ कार्प्यू या सर्जनच्या हाती पडली, त्याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया करून पाहिली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक छापलं. युरोपातल्या नव्या प्लास्टिक सर्जरीच्या उगमाशी असं आपल्या पुण्याचं नाव आहे.

सर्जनना त्या कारागिराच्या हाताचं कौतुक. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. त्या हकिकतीत असंही नोंदवलं आहे की कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीचं निवृत्तिवेतन मिळत होतं. कंपनीच्या चाकरीत गमावलेलं नाक, कैद, शत्रूचा हात. कारण लख्ख होतं आणि सांगताना कुणाला मान खाली घालावी लागत नव्हती. लढाईत गेलेल्या नाकाला सगळे भरपाई देतात. घरात गेलेल्या चेहऱ्याचं तसं होत नाही.

नाणे मावळातल्याच एका गावची सून आमच्याकडे आली होती. भाजून बरेच महिने झाले होते. गळ्याची कातडी आखडून हनुवटी छातीकडे ओढली गेली होती. खालचा ओठ मिटत नव्हता, जेवताना घास ओघळायचा, मान वर करून बसमधून बाहेर बघता येत नव्हतं. सर्जनच्या दृष्टीने हा रोजचा प्रकार: आखडलेली कातडी सोडवायची, तिथे नवी कातडी लावायची, पुढे अनेक महिने गळ्याला पट्टा. नवरा चाकणला कामाला, कंपनीची ग्रुप पॉलिसी, तीत पत्नीचं नाव. भाजण्याचा उल्लेख कलमातच आहे. यात अडण्यासारखं काहीच नव्हतं.

क्वेरी आली तीही नेहमीचीच. मूळ भाजल्याचे कागद, तारीख आणि एमएलसीची प्रत पाठवा. एमएलसी म्हणजे पोलिसांकडे गेलेली नोंद. ते ऐकलं आणि सासूबाईंचा चेहरा बदलला. नोंदीत स्टोव्हचा भडका उडाल्याचं लिहिलं आहे, असं नवरा म्हणाला. मग ती आणायला काय हरकत आहे, यावर कुणी बोललं नाही. शेवटी सासूबाई उठल्या. "जाऊ द्या ताई. नुसता दिसण्याचाच तर प्रश्न हाय. घरातच तर असती ती."

ज्या बाईला पाण्याचा घोट धरता येत नव्हता तिच्याबद्दलचं हे वाक्य होतं. विमा कंपनी एखाद्या शस्त्रक्रियेला 'दिसण्याची' म्हणून नाकारते तेव्हा भांडायला कलम असतं. घरानेच तसं म्हटलं तर कुठल्या कलमाखाली भांडायचं? सून गप्प होती. तिला मी काहीही विचारलं नाही. ते माझं कामही नाही आणि सासूसमोर विचारण्यात अर्थही नव्हता. आमच्या रुग्णालयातल्या समाजसेविका मॅडमशी तिची वेगळ्या खोलीत गाठ घालून दिली. नवऱ्याला फक्त एवढं समजावलं की विम्याला भाजल्याचा पुरावा हवा आहे. भडका का उडाला याचा निवाडा टीपीएचा डॉक्टर करत नाही. कागद शेवटी तिचा माहेरचा भाऊ घेऊन आला. सर्जनने लिहिलं: मान मागे जात नाही, तोंड मिटत नाही, पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालणं धोक्याचं ठरेल. मंजुरी आली, शस्त्रक्रिया झाली. समाजसेविका मॅडमशी तिचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

त्या दिवसापासून मी दोन 'कशामुळे' वेगळे करायला शिकवते. विम्याचा 'कशामुळे' वैद्यकीय असतो: भाजलं का, आपटलं का, गाठ होती का. घरच्यांना मात्र प्रश्न ऐकू येतो तो 'कुणामुळे' असा. पहिल्याचं उत्तर चार ओळींत मावतं. दुसऱ्याच्या भीतीने माणसं पहिलंही गिळतात आणि हक्काचे पैसे सोडून सावकाराकडे जातात.

अर्थात कारण नेहमी पेशंटच्या बाजूने उभं राहतं असं नाही. हळदीच्या रात्री उशिरा जुन्या हायवेवर दुचाकी घसरून एक पोरगा आला. गालाचं हाड आणि जबडा, दोन्ही मोडलेले. ड्यूटीवरच्या डॉक्टरने केसपेपरवर दारूचा वास येत असल्याची नोंद केली होती. त्याचे चुलते माझ्यासमोर हात जोडून उभे. "तेवढी एक ओळ खोडा ना." ती ओळ वेळ आणि सहीसकट आत गेलेली असते, तिला कुणी हात लावत नाही, लावू नये. दारू आणि तिच्या परिणामांवरच्या उपचारांचं वेगळं कलम आहे. कंपनीने त्यावर बोट ठेवून नकार दिला. चेहऱ्याची घडण तीच, अपघात तोच, आणि तरीही नाही. पोराने स्वतःच कबूल केल्यामुळे घरच्यांनी पुढे वाद घातला नाही.

आमच्या कामशेतची आणखी एक गंमत. इथल्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंग चालतं. शहरातली माणसं पैसे देऊन आमच्या पोरांबरोबर उडतात. धाडसी खेळांचं जे नववं कलम आहे, ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला वगळतं. म्हणजे एकाच पंखाखाली लटकलेल्या दोघांचे चेहरे एकाच दगडावर फुटले, तर हौसेने उडालेल्या पाहुण्याला विमा मिळेल आणि पोटासाठी उडवणाऱ्या आमच्या पोराला तेच कलम दाखवलं जाईल. त्यांना मी सांगते, कामाच्या जोखमीचा वेगळा अपघात विमा मालकाकडून लिहून घ्या. ऐकतात थोडे.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो जन्मजात व्यंगाच्या बाबतीत. डोंगराकडच्या वाडीतलं एक तरुण जोडपं तान्ही मुलगी घेऊन आलं. वरचा ओठ दुभंगलेला. टाळूही फाटलेली, त्यामुळे दूध नाकातून परत यायचं, वजन वाढत नव्हतं. बाप टेम्पो चालवतो, घाम गाळून पॉलिसीचे हप्ते भरलेले. मुलीचं नाव पॉलिसीत घातलेलं. कंपनीचं उत्तर: बाह्य जन्मजात व्यंग, वगळलेलं.

विम्याच्या व्याख्येत जन्मजात व्यंगाचे दोन प्रकार आहेत. शरीराच्या दिसणाऱ्या भागात असेल तर बाह्य, न दिसणाऱ्या भागात असेल तर अंतर्गत. हृदयाला भोक असलेल्या बाळाला बऱ्याच पॉलिसी आता पैसे देतात. ओठ फाटलेल्या बाळाला अनेक पॉलिसी देत नाहीत. दोघांनीही काही केलेलं नाही, दोघांचंही दूध पिणं अडलेलं. फरक एवढाच की एकाचं व्यंग लोकांना दिसतं. आणि दिसतं म्हणून ते दिसण्याचं ठरतं.

गंमत अशी की करवसुलीचा कायदा याबाबतीत शहाणा निघाला. २०१७ला जीएसटी आला तेव्हा आरोग्यसेवा करमुक्त ठेवली आणि केसरोपण, कॉस्मेटिक व प्लास्टिक सर्जरी यांना ती सवलत नाकारली. पण तिथेच अपवाद लिहिला: जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया करमुक्तच. म्हणजे त्या मुलीच्या ओठाकडे सरकारी तिजोरी उपचार म्हणून बघते आणि बापाने हप्ते भरलेली पॉलिसी तोंड फिरवते.

त्या जोडप्याचं 'कशामुळे' तर आणखी जड होतं. वाडीत सगळ्यांचं ठरलेलं होतं की आईने पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही, विळीला हात लावला. ती माझ्याशी बोलतानासुद्धा पदराने बाळाचं तोंड झाकत होती आणि मला वाटतं स्वतःचंही. बालरोगतज्ज्ञांनी तिला बसवून सांगितलं की गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत ओठाचे आणि टाळूचे भाग एकमेकांना जुळायचे असतात, ते जुळले नाहीत. ग्रहणाचा, विळीचा काही संबंध नाही. आजी म्हणाली, "डॉक्टरला काय ठावं!" पण आईने पदर काढला.

पैशांची वाट दुसरीकडून निघाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात आणि त्यांच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळू आहे. शस्त्रक्रिया मोफत होते. अशा शस्त्रक्रिया मोफत करून देणाऱ्या स्माइल ट्रेनसारख्या संस्थाही आहेत. अंगणवाडीताईंना फोन केला, पथकाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. ओठ आधी शिवला, टाळू काही महिन्यांनी. विम्याच्या खिडकीत बसणारीने पेशंटला विम्याबाहेरची वाट दाखवणं हे आमच्या नोकरीत लिहिलेलं नाही, पण मावळात नोकरी करायची तर ते येतंच. फुले योजनेच्या यादीत भाजलेल्यांवरचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी हे दोन्ही विभाग आहेत, हेही बऱ्याच घरांना मी सांगेपर्यंत माहीत नसतं. ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्तीला खासगी रुग्णालयानेही मोफत उपचार द्यायचे, त्यात पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही आल्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५चा आदेश आहे. कायदा पुष्कळ ठिकाणी माणसांच्या पुढे गेलेला असतो. माणसं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

आणि कधी वाट उघडी असून माणूस स्वतःच दारातून परततो. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या एक मावशी होत्या. स्तन काढावा लागला होता. पुनर्रचना करता येईल असं सर्जनने सांगितलं. आठव्या कलमात कर्करोगाचं नाव स्पष्ट आहे, विम्याची रक्कमही शिल्लक होती. मावशी हसल्या. "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" नकार द्यायचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण तो नकार पॉलिसीच्या भीतीने किंवा लोकांच्या लाजेने येऊ नये म्हणून मी त्यांना कलम वाचून दाखवलं आणि म्हटलं, "मावशी, हा लाडाचा खर्च नाही, तुमच्या आजाराचाच भाग आहे असं इथं छापलंय." त्यांनी तो कागद मागून घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला. शस्त्रक्रिया त्यांनी नाहीच करून घेतली. सून मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून विचारत होती की स्तन काढलेल्या बाईसाठीची ब्रा कुठे मिळते.

नकार आला म्हणजे विषय संपला असं समजू नये, हे मी सगळ्यांना बजावते. एका निवृत्त गुरुजींच्या पत्नीची वरची पापणी लोंबून डोळ्यावर आली होती. पोथी वाचताना त्या बोटाने पापणी वर धरायच्या. पापणीची शस्त्रक्रिया म्हणताच कंपनीने कॉस्मेटिकचा शिक्का मारला. गुरुजी व्यवस्थित माणूस. आधी नकार लेखी मागितला. नाकारताना पॉलिसीतलं नेमकं कलम सांगणं कंपनीला बंधनकारक आहे. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजरेच्या आवाक्याची तपासणी करून घेतली. पापणीमुळे वरचा किती भाग दिसत नाही ते आलेखावर स्पष्ट आलं. तो आलेख आणि पत्र कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवलं. पैसे मिळाले. तिथेही नाही झालं असतं तर पुढे विमा लोकपाल होते. पुण्यात त्यांचं कार्यालय नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर आहे. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कामशेतहून लोकलने शिवाजीनगर, तिथून बस. गावातली माणसं सातबाऱ्याच्या नोंदीसाठी वडगावच्या तहसीलला याहून कितीतरी जास्त खेटे घालतात.

इतकी वर्षं ही कारणं वाचून माझं एक मत झालं आहे. विम्याने कारण विचारणं बरोबरच आहे. नाही विचारलं तर लग्नाच्या हंगामात सगळ्यांचे हप्ते नाकं सरळ करण्यात जातील. पण ज्या समाजात प्रत्येक डागामागे कुणाचा तरी दोष शोधतात, तिथे कारण विचारणाऱ्याने ते सांगण्याची सोयही करायला हवी. डॉक्टरने पहिल्याच दिवशी नीट लिहावं. टीपीएने पोलिसी थाटात कागद मागू नयेत, कशासाठी हवेत ते एका ओळीत सांगावं. आणि आठव्या कलमात अपघात, भाजणं, कर्करोग यांच्या शेजारी जन्मजात व्यंगालाही जागा मिळावी. करवाल्यांना जे २०१७ साली सुचलं ते विमावाल्यांना सुचायला हरकत नाही.

तोवर पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एकच: कागद सगळे आणा, कशामुळे झालं ते डॉक्टरला खरं सांगा, आणि कुणामुळे झालं त्याची चर्चा या खिडकीवर नको.